जर्मनच्या नळीचं तोंड

शंकरप्पाचे सासरे महालिंगप्पा अणदूरहून नळदुर्गला आले, ते पाणीसुद्धा न पिता थेट जावयाच्या लेथपाशी. अणदुरात त्यांचं तांब्याच्या भांड्यांचं दुकान; उभी हयात हातोडीवर गेलेली. जावयानं त्या दुकानात बसायचं सोडून हातचाकाची लेथ आणावी आणि जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, भांडी काढावीत, हे काही त्यांच्या डोक्यात शिरेना. निजामाचा अंमल गेला अन् सगळंच बिघडलं, असं त्यांचं ठाम मत.

त्यांनी जर्मनची दोन बोटं रुंदीची नळी उचलली. "जावईबापू, हिचं तोंड पेल्याएवढं करा. फाटली तर लेथ इकायची अन् उद्यापासनं माझ्या दुकानात बसायचं."

शंकरप्पानं नळी लेथला बसवली. सासऱ्यांना नाही म्हणायची त्याची कधी छाती झाली नव्हती.

त्याच्या बायकोनं, रुद्रम्मानं, पदर खोचला आणि मोठं चाक फिरवायला घेतलं. नळी गरगरू लागली. शंकरप्पानं तिच्या तोंडात गुळगुळीत लोखंडी दांडा टेकवून बेतानं रेटा दिला, आणि काय सांगावं, तोंड धोतऱ्याच्या फुलासारखं उमलायला लागलं. थोडं उमललं की जर्मन ताठरतो. मग थांबून साबण चोळायचा, तो काळा पडेस्तोवर नळी शेकायची, की पुन्हा मऊ. असं दोनदा केलं. पेला लावून पाहिला, तो बरोब्बर बसला. शंकरप्पाला नाचावंसं वाटलं.

पण नाचायला लागले महालिंगप्पा. त्यांनी जावयाच्या हातातला दांडा ओढूनच घेतला. आता ताटलीएवढं करू म्हणाले. शंकरप्पानं विनवलं, मामा, आधी शेकू द्या, ताठरलीय, फाटंल. पण ऐकतो कोण? धातूचं मला शिकवू नका म्हणत त्यांनी लेकीला चाक जोरात फिरवायला लावलं आणि सगळा भार दांड्यावर टाकला.

टर्रकन आवाज झाला. नळीला वीतभर चीर गेली.

रुद्रम्मानं चाक थांबवलं. शेवटी शंकरप्पानं धीर केला. "मामा, मग लेथ..."

"खुळे का काय तुमी? नळी फाटली म्हणून कुणी लेथ इकतंय व्हय?" महालिंगप्पा नजर चुकवत म्हणाले. "दुसरी हाय का?"

"हाय," रुद्रम्मा दंड चोळत म्हणाली, "पर अप्पा, आता चाक तुमी फिरवायचं."

महालिंगप्पांनी मुकाट्यानं उपरणं कमरेला बांधलं आणि चाकापाशी जाऊन बसले.