परबाचा जुना पत्ता

उडप्याकडे शेवटचा घास माझ्या तोंडात असतानाच परब माझी बशी उचलायचा. "झालं ना, राण्या? मग जागा फ्री कर! माणसं उभी आहेत." एक ढेकर देण्याचीसुद्धा सोय नव्हती.

मरोळच्या एका गाळ्यात आमची कंप्युटरची कंपनी. चाळिशीत मला हिशेबखात्यातून उचलून परबाच्या हाताखाली सी ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायला बसवलं होतं. प्रोग्राम चालू असताना मशीनकडून जागा मागून घ्यायची, ते मॅलॉक. काम झालं की परत द्यायची, ते फ्री. घेणं मला लगेच जमलं. परत देणं मी विसरायचो, आणि दुपारपर्यंत मशीन गपगार.

"लग्नाच्या हॉलात बिऱ्हाड थाटतोस काय रे?" परब ओरडायचा. तो स्वतः मॅलॉक लिहिलं की लगेच खाली फ्री लिहून मोकळा. चहाचा ग्लाससुद्धा विसळून टपरीवर पोचवून यायचा.

मग आलं रीअॅलॉक. "जागा अपुरी पडली तर मोठी मागायची. पण मशीन ती दुसरीकडेच देईल. नवा पत्ता धरायचा, जुन्यावर पाऊल टाकायचं नाही!"

त्याच सुमारास आम्ही साकीनाक्याची खोली सोडून बोरिवलीला गेलो. पहिल्याच संध्याकाळी मी सवयीने साकीनाक्याला उतरलो, चपला काढल्या आणि आत जाऊन म्हणालो, "चहा टाक गं." पुढचं सांगत नाही. नव्या भाडेकरणीचा आवाज चांगलाच खणखणीत होता.

"वाट लागली!" परब टेबल बडवत हसला. "जुन्या पत्त्यावर घुसला!"

पुढे कंपनीने परबाला अंधेरीत दोन खोल्यांचा ब्लॉक देऊ केला. हा चाळीत एकटा, एका खोलीत, वर गळका पत्रा. तरी गडी नाही म्हणाला. शनिवारपर्यंत होकार द्या, नाहीतर ब्लॉक दुसऱ्याला जाईल, असं साहेबांनी बजावलं. म्हणून शनिवारी सकाळी मी त्याच्या घरी थडकलो.

"अरे, रीअॅलॉक कर ना! आम्हाला शिकवतोस आणि स्वतः?"

बोलत बोलत मी कोपऱ्यातल्या गुंडाळलेल्या गादीवर टेकणार, तोच परब म्हणाला, "तिथे नको. बाळाची आहे."

बाळा त्याचा धाकटा भाऊ. गिरण्यांच्या संपाच्या दिवसांत घरात भांडून निघून गेला, तो गेलाच.

"मला नवा पत्ता कळेल रे," परब चहाच्या पातेल्याकडे बघत म्हणाला. मग एकदम मालवणीत घसरला, "पण तेका ह्योच म्हायत आसा."

मी जमिनीवर बसलो. चहा आला, संपला. परबाने जागा फ्री करायला सांगितलं नाही. मीही उठलो नाही.