मल्लेशची ग्रंथतुला

"तुझ्या आप्पाची ती मोठी तागडी अजून हाय न्हवं?" अमरनाथ सरांनी विचारलं.

गुरुलिंग गादीवर सावरून बसला. उदगीरच्या मोंढ्यात त्याची धान्याची आडत. हल्ली सगळा माल इलेक्ट्रॉनिक काट्यावर मोजला जायचा आणि आप्पांची तागडी गोदामात धूळ खात टांगलेली होती. वाचनालयाच्या अध्यक्षांना तिची आठवण व्हावी म्हणजे कौतुकच.

"हाय की. कशाला पायजे?"

"मल्लेशची ग्रंथतुला करून राहिलोत आम्ही. साठी हाय ना त्याची. एका पारड्यात मल्लेश, दुसऱ्यात त्याची पुस्तकं. मग ती सगळी पुस्तकं वाचनालयाला. आख्ख्या उदगिरात त्याच्याएवढा वाचणारा दुसरा कोण हाय, सांग बरं."

आता हे गुरुलिंगला विचारायचं असतं का? पण सरांनी विचारलं, वर त्याच्याच दुकानातला चहाही प्याले. त्यांची पाठ वळल्यावर गुरुलिंग बायकोला म्हणाला, "ऐकलंस? मल्ल्याची ग्रंथतुला. कापडाच्या गिऱ्हाइकासमोर पुस्तक उघडून बसतो, म्हणून हा मोठा वाचणारा. आणि याला वाचनाचा नाद लावला कुणी? मी."

शिवकन्याबाई दुपारचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी हे पुराण लग्नापासून ऐकलं होतं. शाळेत असताना गुरुलिंगकडे एक जाडजूड पुस्तक होतं, 'भुयारातला घोडेस्वार'. मधल्या सुट्टीत तो मल्लेशला त्यातली गोष्ट थोडी थोडी सांगायचा आणि बदल्यात मल्लेश त्याला परसातला पेरू आणून द्यायचा. गोष्ट शेवटाला आली, घोडेस्वाराचा कंदील विझला, अंधारात त्याच्या खांद्यावर कुणाचा तरी हात पडला, आणि गुरुलिंगनं गोष्ट थांबवली ती कायमची. पुस्तक मागितलं तर म्हणाला, देत न्हाई जा.

"मग तुमची का न्हाई केली कुणी तुला?" बाईंनी डबा उघडत विचारलं.

"माझी पुस्तकं कपाटात कुलपात असतेत. त्याच्यासारखी गावाला दाखवत बसत न्हाई मी."

"मग गावाला कसं कळावं?"

यावर गुरुलिंगनं भाकरी मोडली आणि ठेचा जास्तच लावून घेतला.

नाही म्हटलं तर जळतोय असं दिसलं असतं, म्हणून तागडी त्यानं दिली. हमाल नरसिंगकडून घासून, तेल लावून घेतली आणि रविवारी सकाळी वाचनालयाच्या अंगणात स्वतः उभा राहून टांगून घेतली. मल्लेशला चढायला सोपं जावं म्हणून त्याचं पारडं जमिनीला टेकवून ठेवलं होतं आणि त्यात त्याच्याच कापड दुकानातली गादी अंथरली होती. अंगणात कुणी नव्हतं. गुरुलिंगनं पिशवीतून दहा किलोचं लोखंडी वजन काढलं आणि गादीखाली सरकवलं.

काय झालं असतं फार तर? पुस्तकं थोडी कमी पडली असती. चारचौघांत दिसलं असतं, की मल्लेशचं वाचन लोक सांगतात तेवढं काही नाही. एवढंच त्याला हवं होतं. जास्तीचा लोभ त्याला कधीच नव्हता.

अकराच्या सुमाराला मल्लेश कपाळाला ताजी विभूती लावून आला आणि पारड्यात मांडी घालून बसला. बसताना जरा चुळबुळला. मग स्थिर झाला. पुस्तकं चढू लागली. गठ्ठ्यामागून गठ्ठे चढले, टेबल रिकामं झालं, आणि मल्लेशचं पारडं काही जमीन सोडेना.

"परवा तर बरोबर हिशेब लावला होता," अमरनाथ सर घाम पुसत म्हणाले. "मल्लेश, रात्री जेवलास का काय लई?"

लोक हसले. गुरुलिंगला इतकं बरं वाटलं, की त्यानं उदार होऊन म्हटलं, "राहू द्या सर. ज्याचं जेवढं वाचन तेवढी पुस्तकं. त्यात लाज कसली?"

मल्लेशनं डोळे मिटले होते. तसाच तो हळूच म्हणाला, "वैनी, गुरुलिंगच्या कपाटात हायेत की पुस्तकं."

"हाव की," पुढच्या रांगेतल्या शिवकन्याबाई उठल्याच. "नुसती वाळवीची वाट बघून राहिलीत. किल्ली द्या ओ."

गुरुलिंगचा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला. सगळं अंगण त्या खिशाकडे बघत होतं. अमरनाथ सरांनी तर टाळ्याही सुरू केल्या. "मित्र असावा तर असा," ते माईकवर म्हणाले. आता टाळ्या पडल्यावर किल्ली कशी ठेवणार? दिली.

बाई नरसिंगला घेऊन ऑटोनं घरी गेल्या. इकडे गुरुलिंग मल्लेशच्या कानाशी लागला. "मल्ल्या, पायाला मुंग्या आल्या असतील. जरा उतर खाली. मी गादी झटकून देतो."

"नगं. मधीच उतरलो तर ग्रंथतुला मोडती."

"अरे, कुणी बघून न्हाई राहिलं."

"मला इथंच बरं वाटून राहिलंय," मल्लेश म्हणाला आणि आणखी ऐसपैस बसला.

खोकी आली. गुरुलिंगनं जन्मभर कुणाला हात लावू न दिलेली पुस्तकं नरसिंगनं तुरीच्या पोत्यांसारखी दणादण पारड्यात टाकली. मल्लेशचं पारडं उचललं, डुललं आणि बरोबरीला येता येता बोटभर खाली राहिलं. खोक्याच्या तळाशी आता एकच पुस्तक उरलं होतं. फाटक्या पुठ्ठ्यावरचा घोडा ओळखून गुरुलिंगच्या तोंडचं पाणी पळालं.

"नारळ ठेवा वर," तो घाईनं म्हणाला. "बोटभर तर हाय."

"ग्रंथतुलेत नारळ कसा चालंल?" अमरनाथ सर म्हणाले.

शिवकन्याबाईंनी 'भुयारातला घोडेस्वार' अलगद वर ठेवला. दांडी सरळ झाली. टाळ्या वाजल्या, फुलं उडाली, आणि गुरुलिंगला रडू येईल की काय असं वाटलं.

मग मल्लेश माईकसमोर उभा राहिला. "मला वाचनाचा नाद गुरुलिंगनं लावला. त्यानं शाळेत एक गोष्ट अर्धी सांगून सोडली. तिचा शेवट कुठं सापडतो का म्हणून मी दिसंल ते पुस्तक वाचत सुटलो. ही तुला माझी नव्हं, त्याची हाय."

सगळ्या माना गुरुलिंगकडे वळल्या. आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते ऐकून त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या मनात एकच आलं, की मेल्या, हे तुला पुस्तकं चढायच्या आधी बोलता आलं नसतं का?

दुसऱ्या दिवशी दुपारी आडतीसमोर मल्लेशची स्कूटर थांबली. नरसिंगनं मल्लेशच्या पायाजवळून एक जड पिशवी उचलून आणली आणि गादीवर ठेवली. आत दहा किलोचं वजन होतं. वजनावर गुरुलिंगच्या आडतीचं नाव कोरलेलं होतं.

"गादीबरोबर माझ्या दुकानात आलं," मल्लेश म्हणाला.

गुरुलिंगनं समोरच्या तुरीच्या ढिगाकडे बघितलं. "तुला कवा कळलं?"

"बूड टेकवलं तवाच. चांगलं टोचून राहिलं होतं."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोललो असतो तर माझी पुस्तकं पुरली असती. तुझं कपाट कशाला उघडलं असतं मग?" मल्लेशनं बगलेतून 'भुयारातला घोडेस्वार' काढला. "सरांना म्हणलं, नोंद नंतर करा, आधी मला वाचू द्या. रात्री बसून सगळं वाचलं. हात खांद्यावर पडतो, आणि फुडं पुठ्ठाच. शेवटची पानं कुठं ठेवलीस?"

"न्हाईत."

"गुऱ्या, आता तरी जळू नकोस. काढ."

"खरंच न्हाईत. मला रद्दीत मिळालं तवाच नव्हती. आप्पानं कुणाला तरी त्यात हळद बांधून दिली असंल." गुरुलिंगचा आवाज खाली आला. "म्हणून तर तुला पुस्तक दिलं न्हाई. शेवट मलाबी माहीत न्हाई असं कळलं असतं, तर तू माझं ऐकायला बसला असतास का?"

 मल्लेश चपला काढून गादीवर चढला आणि लोडाला टेकला.

"एवढी वर्षं वाट बघितली मी," तो म्हणाला. "आता तूच सांग. कुणाचा हात होता? काहीबी सांग, पण शेवट कर."

गुरुलिंगनं पुस्तक मांडीवर घेतलं. घोड्यावरची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली.

"सांगतो," तो म्हणाला. "आधी पेरू काढ."

मल्लेशनं फुगलेल्या खिशात हात घातला.