फुंकर मारून पाहिलेलं घर

नागावकर इमारतींवर फुंकर मारतात. खऱ्या नव्हे, संगणकाच्या पडद्यावरच्या. आधी इमारत फिरवून तिची समुद्राची बाजू स्वतःकडे घेतात, चष्मा कपाळावर चढवतात, गाल फुगवतात आणि पडद्याला नाक टेकेल इतकं जवळ जाऊन फुंकतात. मग कान देऊन ऐकतात. काय ऐकतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. पडद्यावर उडालेले शिंतोडे पुसायचं काम मात्र शेजारच्या टेबलावर बसणारीचं, म्हणजे माझं.

अलिबागला आमचं आर्किटेक्टचं छोटंसं ऑफिस आहे. साहेब गिऱ्हाईकं आणतात, मी मंजुरीचे नकाशे करते आणि इमारतीचा अगदी पहिला आकार नागावकर काढतात. त्याला आम्ही 'मास' म्हणतो. त्यात दारं, खिडक्या, खांब काही नसतं. जमिनीवर आकृती काढून ती वर ओढली की भरीव ठोकळा उभा राहतो. त्यात दुसरा पोकळ ठोकळा घुसवला की तेवढा भाग कापला जातो आणि तिथे अंगण किंवा पडवी होते. बाकीचे लोक हे काम हौसेने करतात, नागावकर जीव मुठीत धरून करतात. पोकळ ठोकळा घ्यायची वेळ आली की माउस सोडून माझ्याकडे वळतात.

"बाय, भोक पाडायला काय अक्कल लागते? शिरला तर निघायचा कुठून, ते सांग आधी."

शिरणारा म्हणजे वारा. पण हेच वाक्य ते नगरपालिकेतून आलेल्या माणसाबद्दल बोलतात, गप्पिष्ट गिऱ्हाइकाबद्दल बोलतात आणि माझ्या डब्यातल्या सुक्या बोंबलाच्या वासाबद्दलही बोलतात.

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये आलेल्या चक्रीवादळात नागावातल्या त्यांच्या घराचं छप्पर गेलं. तेव्हा आपण खाटेखाली होतो हे ते न लाजता सांगतात. "छप्पर एकदम उडत न्हाय, बाय. आधी श्वास घेतं. वर होतं, खाली बसतं, परत वर होतं. मंग जातं." हे ऐकल्यापासून वारा सुटला की मीही मान वर करून ऑफिसच्या पत्र्याकडे बघत बसते. चांगली धडधाकट बाई मी, या माणसाने मला भित्री करून ठेवली.

त्यांच्या भीतीने साहेबांचं एक गिऱ्हाईकही पळवलं. किहीमच्या एका बंगल्याला पंख पसरलेल्या पक्ष्यासारखं छप्पर हवं होतं. नागावकरांनी ते हुबेहूब काढलं, मग फुंकर मारली आणि पंख थोडे खाली ओढले. पुन्हा फुंकर, पुन्हा खाली. गिऱ्हाईक बघायला आलं तेव्हा पडद्यावर अंग चोरून बसलेलं काहीतरी होतं.

"ही तर कोंबडी झाली," गिऱ्हाईक म्हणालं.

"खुडूक कोंबडी," नागावकर समाधानाने म्हणाले. "जागची हलायची न्हाय."

साहेब त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत.

मग दिवेआगरच्या सुलभाकाकूंचं काम आलं. काकू एकट्या, समुद्रालगत नारळी-सुपारीची वाडी. त्याच वादळात त्यांचं कौलारू घर बसलं होतं आणि न्हाणीघराच्या कोपऱ्यात त्या घंगाळ डोक्यावर धरून वाचल्या होत्या. तेव्हापासून पत्र्याच्या दोन खोल्यांत राहत होत्या. न्हावा शेव्याच्या बंदरात नोकरी करणारा मुलगा त्यांना पनवेलला न्यायला टपलेला. अखेर ठरलं ते असं, की वादळात टिकेल असं घर झालं तर काकू वाडीत राहतील, नाहीतर वाडी विकायची आणि पनवेलच्या फ्लॅटमध्ये जायचं.

"मला देखणं नको हो," काकू ऑफिसात येऊन म्हणाल्या. "आत बसल्यावर समुद्र दिसला नाही तरी चालेल. त्याला मी दिसायला नको."

नागावकरांना आयुष्यात पहिल्यांदा मनासारखं गिऱ्हाईक भेटलं. लांबट, बुटकं घर. समुद्राकडे जवळजवळ सलग भिंत, वाडीच्या बाजूला पडवी. सारखी फुंकर मारायची म्हणून त्यांनी अख्खा प्लॉटच फाइलमध्ये उलटा फिरवून ठेवला, समुद्र खाली, म्हणजे त्यांच्या तोंडासमोर. आणि तसाच छापून कामावर पाठवला.

झालं ते इथेच. आमच्याकडे नकाशात रस्ता नेहमी खालच्या बाजूला असतो, कॉन्ट्रॅक्टरने तसाच धरून घर आखलं. उत्तरेचा बाण कोपऱ्यात होता, पण बाण बघतो कोण? आम्ही पायाचे चर बघायला गेलो, तेव्हा नागावकर एका जागी जाऊन थांबले. वाऱ्याने त्यांचा शर्ट फुगला होता. समोर सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र.

"इथं काय येतंय?" त्यांनी विचारलं.

"पडवी की," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला. "झ्याक जागा हाय. समुद्राकडं पडवी नको म्हणनारा येडा अजून मला गावला न्हाय."

नागावकर मटकन चराच्या काठावर बसले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी त्यांना पाणी दिलं तर बाटली दातांवर वाजत होती. आम्ही आलो नसतो, तर फरसबंदी होईपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नसतं आणि पहिल्याच वादळात त्या पडवीतून वारा थेट काकूंच्या अंथरुणापर्यंत गेला असता. साहेबांनी फोनवर जे काही म्हणायचं ते म्हटलं. मुलगा पनवेलहून आला तो सामान बांधायच्या तयारीनेच. ज्या माणसाला समुद्र कुठे आहे हे कळत नाही, त्याच्या घरात मी आईला ठेवणार नाही, असं त्याने सरळ सांगितलं.

नागावकर म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. चूक माझीच."

काकू मात्र त्यांच्याकडे बघत होत्या. "हा माणूस बघ किती घाबरलाय," त्या मुलाला म्हणाल्या. "माझ्या घरासाठी माझ्याइतकं घाबरणारा दुसरा कोण मिळणार मला? बुजवा ते चर आणि परत खणा."

घर झालं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर काकू राहायला गेल्या आणि थोड्याच दिवसांत इशारा आला. अरबी समुद्रात वादळ, किनाऱ्यावरच्यांनी सावध राहावं. मुलाला बंदरातून निघता येईना आणि काकू तर घर सोडायला तयार नव्हत्या. साहेबांनी सकाळीच ऑफिस बंद केलं. नागावकर आलेच नव्हते. घरात खाटेखाली असतील असं म्हणून आम्ही हसलो, पण माझं काही ते हसणं खरं नव्हतं.

दुपारी आकाश काळंनिळं झालं, माझ्या घरासमोरचा शेवगा मोडून पडला. मला राहवेना, मी नागावकरांना फोन लावला.

"कुठे आहात?"

"दिवेआगरला." मागे कुणीतरी मोठमोठ्याने श्वास टाकतंय असा आवाज येत होता. तो वारा होता.

"तिथे कशाला गेलात?"

"काकू आत हायत ना. घर मी काढलंय. भिंतीला पाठ लावून बसलोय."

"भीती नाही वाटत?"

"लय वाटते, बाय. हातपाय गार पडलेत."

मग फोन काकूंनी घेतला. "भिंत टिकल्येय गो. हाच हलतोय. याला पेज दिली तर अर्धी सांडलीन." त्यांचा आवाज खाली आला. "याच्या घरी कळवून टाकू म्हटलं, काळजी करत असतील. तर म्हणतो, कळवायला कोणी नाही. बायको होती, ती त्या वादळानंतर माहेरी गेली ती आलीच नाही म्हणे. तुझा फोन वाजला तेव्हा नाव बघून डोळे पुसलेन आधी, मग उचलला."

इतकी वर्षं शेजारी बसून मला हे माहीत नव्हतं. पलीकडे काहीतरी धाडकन आपटलं, काकू 'राम राम' म्हणाल्या आणि नागावकरांनी फोन परत घेतला.

"बाय," ते म्हणाले, "तुला काम नसंल तर ठेवू नको फोन. बोलायची गरज न्हाय."

मी चार्जर लावला आणि भिंतीला टेकून खाली बसले.