यासीनचाचांची तपासणी

यासीनचाचांची माझी पहिली ओळख त्यांच्या तळपायांशी झाली. वाटूर फाट्याजवळ आमच्या रस्त्याच्या कामाचा कॅम्प होता, आणि मी नुकताच तिथं स्टोअरकीपर म्हणून लागलो होतो. पहिल्याच दिवशी एका ट्रॉलीखालून दोन भेगाळलेले, ऑइल माखलेले पाय बाहेर आलेले दिसले. दुसरं कोणी दिसेना म्हणून मी त्या पायांनाच सांगितलं, "मी नवा स्टोअरकीपर."

खालून आवाज आला, "बसा ना. पण ट्रॉलीवर न्हाई."

कॅम्पात चार गाडीघरं होती. खाली ट्रॉलीसारखा लोखंडी सांगाडा, चार चाकं आणि वर पत्र्याची खोली. काम पुढं सरकलं की ट्रॅक्टर जोडायचा आणि संसारासकट घर पुढच्या मुक्कामाला न्यायचं. हलवण्याआधी सांगाड्याखाली शिरून तो कुठं तडकला, वाकला, गंजला का, हे चाचा बघत. जाफराबादचा माणूस, साठी ओलांडलेला. शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, तिथं यांची छोटी हातोडी. लोखंडावर टिचकी मारल्यासारखी ती मारायची, कान लावायचा आणि डोळे मिटायचे. डॉक्टरसुद्धा इतका वेळ कोणाची छाती तपासत नाहीत.

"रंगावर जाऊ नका," हे त्यांचं आवडतं वाक्य. लोखंडाबद्दल म्हणत, तसंच माणसांबद्दलही. एकदा सिमेंटचा एजंट कडक इस्त्रीच्या कपड्यांत आला, गोडगोड बोलून गेला. चाचांनी माझ्याकडे पाहून नुसतं म्हटलं, "रंग." पुढं त्याच्या निम्म्या गोण्या दगड झालेल्या निघाल्या.

मी त्यांना एकदा घरी जेवायला बोलावलं. सासूबाई बाजेवर बसल्या होत्या. चाचांनी सलाम केला, खाली वाकून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "डाव्या पायात जीव न्हाई राह्यला. जल्दी आधार द्या." ते बाजेच्या पायाबद्दल बोलत होते. सासूबाईंचा डावा गुडघा खरंच दुखत होता. आठवडाभर त्या मला विचारत होत्या, "त्यांना कसं कळलं?"

अशा माणसाला सगळे हसत. मीही हसायचो.

मग एकदा कॅम्प वाटूरहून तीर्थपुरीच्या बाजूला हलवायचं ठरलं. तिसऱ्या गाडीघरात आमचे सुपरवायझर काळे राहत. बायको आणि दोन मुली. मोठे साहेब नव्या कॅम्पवर येणार म्हणून काळ्यांनी घराला खालपासून वरपर्यंत निळा रंग देऊन घेतला होता. सकाळी ट्रॅक्टर जोडला. काळेबाई भांड्यांना चिंध्या गुंडाळून मुलींसकट आत बसल्या. तेवढ्यात चाचा खालून बाहेर आले आणि ट्रॅक्टरच्या पुढं उभे राहिले.

"गाडी जाणार न्हाई."

"का?" काळे गरजले.

"ट्रॅक्टरला अडकवायची पुढची दांडी सांगाड्याला जिथं जोडलीय ना, तिथला आवाज बराबर न्हाई."

"आवाज? कालच रंग दिलाय मिस्त्री! काही दिसतंय का तिथं?"

"रंगामुळंच तं दिसून न्हाई राह्यलं."

काळे चिडले. दुपारपर्यंत पोहोचलो नाही तर साहेब मलाच धरतील, म्हणाले. शेवटी, "बाजूला व्हा, न्हाई तं उद्यापासून येऊ नका," इथपर्यंत आलं.

चाचा बाजूला झाले नाहीत. आवाजही चढवला नाही. "न्हाई येत उद्यापासून," म्हणाले. "पण आज हाये ना मी."

गाडीघराचं दार उघडलं. काळेबाई एका मुलीला कडेवर घेऊन, दुसरीचा हात धरून खाली उतरल्या आणि लिंबाखाली जाऊन बसल्या. "चाचा हो म्हणत न्हाईत तवर मी काही बसत न्हाई," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. काळ्यांना चाचांवर ओरडता येत होतं, पण बायकोवर नाही. त्यांनी ट्रॅक्टर बंद करायला लावला.

चाचांनी माझ्याकडून रॉकेल मागवलं आणि थोरल्या मुलीच्या दप्तरातला खडू घेतला. सांध्यावरचा ताजा रंग खरवडला. खाली नुसतं लोखंड, गुळगुळीत. त्यावर रॉकेल चोपडलं, थोडं थांबले, मग फडक्यानं अगदी कोरडं पुसलं. वर खडू घासून पांढरं केलं.

"आता बघत राहा," म्हणाले.

आम्ही सगळे उकिडवे बसून पांढऱ्या लोखंडाकडे बघत राहिलो. आधी काहीच नव्हतं. मग खडूवर केसासारखी एक ओली काळी रेघ उमटली आणि हळूहळू वीतभर लांबली. भेगेत मुरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. दांडीचा जवळजवळ अर्धा सांधा फाटलेला होता. वाटेतल्या पहिल्या उतारावर ट्रॅक्टर पुढं गेला असता आणि घर कुठंतरी भलतीकडे.

काळ्यांनी रेघ पाहिली, मग लिंबाखाली पाहिलं, आणि तिथंच मातीत बसले. म्हणाले, "चाचा, काय काय करावं लागंल?" मिस्त्रीचे चाचा झाले होते.

दोन दिवस लागले. भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढं पळणार नाही. मग वेल्डिंग, दोन्ही अंगांनी जाड पट्ट्या. साहेब फोनवर काय बोलले ते काळ्यांनी सांगितलं नाही. चाचांच्या नोकरीचा विषय मात्र पुन्हा निघाला नाही.

तिसऱ्या दिवशी सगळे परत आत बसले. चाचा शेवटचं बघायला खाली शिरले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, टकटकही ऐकू येईना. ड्रायव्हर वैतागला, तेव्हा मी वाकून खाली डोकावलो.

चाचा पाठीवर निवांत पडले होते. हातोडी खिशात होती. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

वर गाडीघराच्या पत्र्याच्या तळावर लहान पावलं धावत होती. काळेबाई कोणाला तरी रागावत होत्या. थोरली सतराचा पाढा म्हणत होती, अडकत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. एक पेला पडून घरंगळत गेला आणि धाकटी खदखदून हसली.

"काही राह्यलंय का, चाचा?" मी हळूच विचारलं.

"काम झालं कवाच," ते कुजबुजले. "आमच्या घरी असा गलबला न्हाई होत आता. बीवी होती तवर तिच्या भांड्यांचा तरी आवाज होता." मग जरा ओशाळून म्हणाले, "निघतो मी. पोरीचा पाढा तेवढा होऊ द्या."

मी बाहेर येऊन अंगावरची माती झटकली. ड्रायव्हरनं विचारलं, "काय म्हणत्यात?"

"बंद कर इंजिन," मी म्हणालो. "तपासणी चालू आहे अजून."