टोकुनबो कार्डावरचा कुत्र्याचा केस

इबादान शहरात डोकं असलेली माणसं पुष्कळ आहेत. ते वापरणारा मात्र मी एकटाच, असं मी स्वतः म्हणत नाही. तसं माझ्या दारावरच्या पाटीवर लिहिलेलं आहे. पाटी मीच रंगवून घेतली, हा भाग वेगळा. ‘चीफ इन्व्हेस्टिगेटर लडिपो. चोरी, फसवणूक, हरवलेल्या बकऱ्या.’ पाणीखात्याच्या तक्रार विभागात मी सगळी नोकरी काढली आणि एवढ्या काळात माझ्या टेबलावरची एकही तक्रार सुटली नाही, यावरून मी किती खोलात जाणारा माणूस आहे ते ध्यानात यावं. माझी नजर ससाण्याची, नाक शिकारी कुत्र्याचं आणि स्मरणशक्ती हत्तीची आहे. माझी बायको मोरेनिके म्हणते, की एवढी जनावरं एका अंगात राहतात म्हणूनच घरात रात्रीचं जेवण उरत नाही.

मंगळवारी मला अबेके मॅडमचा निरोप आला. अबेके मॅडम म्हणजे लेसच्या कापडाच्या मोठ्या व्यापारी. आमच्या भागात लग्न ठरलं की आधी त्यांच्याकडे जाऊन कापडाचा रंग ठरतो आणि मग मुलगा काय करतो याची चौकशी होते. त्यांच्या बैठकीच्या खोलीत पाऊल टाकताच माझ्या ससाण्याच्या नजरेने सगळं टिपलं. सोफा नायलॉनमध्ये. खुर्च्या नायलॉनमध्ये. रिमोट नायलॉनमध्ये. टीव्हीच्या काचेवरची दुकानातली पातळ झिल्ली तशीच, त्यामुळे त्यांच्याकडे बातम्या नेहमी धुक्यात सांगितल्या जातात. मॅडम स्वतः तेवढ्या बिननायलॉनच्या वावरत होत्या. मला हे फार आवडतं. नायलॉन काढून टाकलं तर आल्यागेल्याला कळणार कसं, की वस्तू नवी आहे? खोलीच्या टोकाला एक भलीमोठी खुर्ची होती. तिच्यावर नायलॉनचे दोन थर होते. तिच्यावर बसलेला माणूस मी तरी कधी पाहिलेला नाही.

“लडिपो, माझ्या मुलीला फसवलंय,” मॅडम म्हणाल्या.

“कुणी फसवलं नाहीये, ममा,” आतून मुलीचा आवाज आला. ही इरेती. कॉलेजात शिकते, सुट्टीच्या दिवशी शेजारणींच्या वेण्या घालते, आणि त्या वेण्यांच्या कमाईतून तिने आयुष्यातला पहिला गेमिंग कॉम्प्युटर जोडला होता. एकेक भाग आणून, स्वतःच्या हातांनी. घोटाळा एवढाच, की मशीन चालू व्हायचं, खेळ रंगात यायचा आणि मग अंगाचा भडका उडाल्यासारखं तापून फट्कन बंद पडायचं.

“वापरलेले भाग घेतलेत तिने,” मॅडम म्हणाल्या. “टोकुनबो! माझ्या घरात!”

समुद्रापलीकडे कुणी वापरून सोडलेली आणि जहाजातून आमच्या किनाऱ्याला लागलेली वस्तू म्हणजे टोकुनबो. मॅडमची गाडी टोकुनबो आहे. डीप फ्रीझर टोकुनबो आहे. ज्या जनरेटरच्या जिवावर त्यांच्या घरात उजेड पडतो तो तर दोन समुद्र ओलांडून आला असावा. मी हे हळूच सुचवून पाहिलं.

“गाडी बाहेर उभी असते,” मॅडम म्हणाल्या. “फ्रीझर मागच्या बाजूला असतो. हे बैठकीत आहे. लोक बघतात.”

“अंकल, नव्यात घेतलं असतं ना, तर माझ्या पैशात नुसता रिकामा डबा आला असता,” इरेती बाहेर येत म्हणाली. “आत मलाच बसावं लागलं असतं.”

“म्हणून मी पंखा घेऊन दिला! काचेच्या दारांच्या मोठ्या दुकानातून! डबाबंद, नवा!”

तो पंखा मी पाहिला. मशीनचं एक झाकण उघडंच होतं. प्रोसेसर नावाचा जो मुख्य मेंदू असतो त्याच्या डोक्यावर हा पंखा बसवतात, आणि पंख्याच्या तळाची तांब्याची चकती मेंदूची उष्णता ओढून घेते, असं इरेतीने सांगितलं. पंखा लखलखत होता. तळाच्या कडेने तर नायलॉनचं एक टोकसुद्धा डोकावत होतं. म्हणजे अस्सल नवा. मी त्याला तिथल्या तिथे निर्दोष सोडून दिला.

उरलेले सगळे भाग उचेन्दू नावाच्या पोरगेल्या दुकानदाराकडून आले होते. या उचेन्दूने मालकाच्या दुकानात उमेदीची वर्षं राबून काढली होती आणि रिवाजाप्रमाणे मालकाने याच वर्षी त्याला स्वतःचं छोटं दुकान थाटून दिलं होतं. मॅडमनी थेट बाजाराच्या चेअरमनकडे तक्रार केली होती. शनिवारी चेअरमन घरी येऊन मशीन पाहणार, माल खोटा ठरला तर उचेन्दूच्या दुकानाला कुलूप. त्या गल्लीत एकदा कुलूप लागलं की माणसाला पुन्हा कुणी जागा देत नाही, आणि सगळी राबलेली वर्षं पाण्यात जातात.

“अंकल, तो खोटं बोलत नाही हो,” इरेती म्हणाली. “ग्राफिक्स कार्डावरचा ओरखडा त्यानेच मला दाखवला. विकण्याआधी.”

“हुशार गुन्हेगार असंच करतात,” मी म्हणालो. “छोटा दोष दाखवायचा, मोठा लपवायचा.”

“आणि दोष नसला तर?”

“मग तो फारच हुशार.”

इरेतीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती कौतुकाची असावी. माझी फी म्हणून तपास संपेपर्यंत दुपारचं जेवण ठरलं. आमाला, म्हणजे कंदाच्या पिठाचा मऊ गोळा, त्यावर एवेदूची बुळबुळीत भाजी आणि मासे. मी तपास घाईत न उरकण्याचं ठरवलं.

पहिला संशयित होती वीज. इबादानमध्ये कुठलाही गुन्हा घडला की आधी विजेला धरायचं, निम्म्या वेळा तीच सापडते. पण त्या दिवशी दुपारभर वीज गेलीच नाही. ही गोष्ट स्वतःच इतकी संशयास्पद होती, की मी बराच वेळ तिच्यात अडकून पडलो. मशीन मात्र विजेवरही बंद पडलं आणि जनरेटरवरही.

बुधवारी मला धागा सापडला. खरं तर केस सापडला. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे खेळातली चित्रं पडद्यावर उभी करणारा भाग, त्याच्या फटीत एक आखूड सोनेरी केस अडकला होता. मी तो दिव्यासमोर धरला, हुंगला आणि खुर्चीत मागे रेललो. नायलॉन कुरकुरलं.

“इरेती, हा कुत्र्याचा केस आहे.”

“असेल. वापरलेलं आहे ना.”

“हा आपल्या गल्लीतल्या कुत्र्याचा नाही. लुसलुशीत आहे. घरात, गालिच्यावर लोळणारं कुत्रं. म्हणजे थंड देश. म्हणजे हे कार्ड बर्फात लहानाचं मोठं झालंय. आता तूच सांग, बर्फात वाढलेल्या जिवाला इबादानच्या उन्हात आणून बसवलं तर काय होईल?”

“अंकल, ते कार्ड आहे. जीव नाही.”

“भोवळ येईल!” मी म्हणालो.

उपाय सोपा होता. मशीन मागच्या बाजूला नेलं, डीप फ्रीझर सताड उघडला आणि त्याच्या तोंडाशी ठेवलं. मशीन नेहमीप्रमाणे बंद पडलं. फ्रीझरमधले मासे मात्र बर्फ वितळून सगळे सुटे झाले, त्यामुळे त्या दिवशी मला वाढप चांगलं झालं. मॅडम माशांबद्दल काही बोलल्या. मी विचारात होतो, म्हणून ऐकलं नाही.

गुरुवारी सकाळी मी उचेन्दूच्या दुकानावर अचानक छापा घातला. दुकान बंद! माझ्या अंगावर काटा आला. आरोपी फरार. मी धावत घरी येऊन मोरेनिकेला ही बातमी दिली.

“बाकीची दुकानं उघडी होती?” तिने शिलाई मशीनवरून मान वर न करता विचारलं.

“नाही. सगळी गल्ली बंद. म्हणजे सगळी टोळीच फरार.”

“डोयिनचे बाबा, आज गुरुवार. गुरुवारी सकाळी सगळा बाजार झाडायला बंद असतो. तुमच्या जन्माच्या आधीपासून.”

डोयिन आमचा मुलगा. मुलाच्या नावाने हाक मारून बायका नवऱ्याला मान देतात. मोरेनिके त्याच शब्दांत दुसरंही बरंच काही देते.

शुक्रवारी उचेन्दू सापडला. दुकानात होता. टेबलभर जुनी कार्डं, एक ब्रश आणि समोर अर्धवट खाल्लेलं मक्याचं कणीस. कणसाला त्याने हात लावला नाही, मला बसायला स्टूल दिलं.

“ओगा, मला एकदा मशीन बघू द्या,” तो म्हणाला. ओगा म्हणजे आमच्याकडे साहेब. “मॅडम दारातही उभं करत नाहीत. एवढं तापतंय म्हणजे मला वाटतं पंखा...”

“पंखा नवा आहे!”

“नवाच असेल ओगा, पण बसवताना...”

“काचेच्या दुकानातला आहे. तिथे पावती देतात. तिथे गार हवा असते. आणि तू इथे धुळीत बसून नव्या वस्तूवर आळ घेतोस?”

त्याने टेबलावरचं एक कार्ड उचलून माझ्यासमोर धरलं. म्हणाला, “ओगा, मी प्रत्येक कार्ड विकण्याआधी रात्रभर चालवून बघतो. नवं विकणारे डबा फोडूनसुद्धा बघत नाहीत. उद्या कुलूप लागलं तर मी गावी काय तोंड दाखवू? आईने सगळ्यांना सांगितलंय, माझा मुलगा दुकानदार झाला म्हणून.”

खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. पण तपासनीसाने भावनेच्या आहारी जायचं नसतं. मी त्याचं उरलेलं कणीस पुरावा म्हणून ताब्यात घेतलं.

शनिवारी बैठकीत न्यायनिवाडा भरला. चेअरमन आले, पोटाइतकंच मोठं कुलूप हातात घेऊन. उचेन्दूला दाराशी उभं ठेवलं होतं. इरेती मशीनपाशी उभी होती आणि ओठ चावत होती. वीज गेली होती. जनरेटरवर मशीन चालत होतं, पण छताचा पंखा मॅडमनी बंद करायला लावला, कारण जनरेटरला दोन्ही पेलत नव्हती. सगळे नायलॉनवर बसून घामाने निथळत होते. तेवढ्यात मोरेनिके मला घरी न्यायला आली आणि सोफ्यावर माझ्या शेजारी बसली.

मी उभा राहिलो. “चेअरमनसाहेब, हे प्रकरण दिसतं तसं साधं नाही. यात एक कुत्रा आहे.”

“कुणाचा कुत्रा?” चेअरमननी विचारलं.

“त्याकडे मी येतोच आहे.”

मी कुत्र्याकडे येईपर्यंत इरेतीने सुरू केलेला खेळ रंगात आला, मशीन गरम वाफारा सोडू लागलं आणि माझ्या भाषणाच्या ऐन भरात फट्कन बंद पडलं. चेअरमननी उसासा टाकला आणि कुलपाची किल्ली चाचपली.

“झालं तर मग,” ते म्हणाले. “चल पोरा.”

उचेन्दूची मान खाली गेली. इरेतीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि नेमक्या त्या गंभीर क्षणी शेजारून कापड फाटल्यासारखा चर्रर्र आवाज झाला. मोरेनिके सोफ्यावरून उठली होती. सोफ्याचं नायलॉन तिच्या पाठीला चिकटून अर्धं वर आलं होतं.

“काय हे अबेके!” ती वैतागून म्हणाली. “माणूस शिजतंय इथे! अंगाची ऊब निघून जायला नको का कुठे? सगळं मेलं नायलॉनमध्ये कोंडलंय. त्या मशीनलाही असंच कोंडलं असशील, बंद पडेल नाहीतर काय!”

“मशीनला कुठे आहे नायलॉन?” मॅडम फणकारल्या. “मी सांगितलं होतं ठेवायला, पण बाहेरचं त्या पोरीने...”

“बाहेरचं,” इरेती म्हणाली. आणि थांबली. तिचा चेहरा बघता बघता उतरला. “ममा, पंख्याचं.”

तिने पेचकस घेतला. उचेन्दू दार सोडून धावत तिच्याशेजारी गुडघ्यावर बसला, आणि या वेळी त्याला कुणी अडवलं नाही. पंखा वर निघाला. त्याच्या तळाच्या तांब्याच्या चकतीवर, जिथून सगळी उष्णता जायची तिथेच, दुकानातलं नायलॉन जसंच्या तसं चिकटलेलं होतं. त्यावर लाल अक्षरांत ‘बसवण्याआधी काढा’ असं छापलेलंही होतं.

“तुला दिसलं नाही?” चेअरमननी विचारलं.

“या घरात जन्मले मी, अंकल,” इरेती म्हणाली. “नायलॉन मला दिसतच नाही.”

उचेन्दूने नायलॉन सोलून काढलं, खिशातल्या नळीतलं उष्णता वाहून नेणारं मलम मेंदूवर लावलं आणि पंखा परत बसवला. खेळ सुरू झाला. रंगात आला. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. मशीन तापेना, वाफारा सोडेना, बंदही पडेना. शेवटी चेअरमनना कंटाळा आला आणि त्यांनी कुलूप झग्याच्या खिशात घातलं.

“मी हेच म्हणत होतो,” मी जाहीर केलं. “पहिल्या दिवशी मीच ते टोक पाहिलं होतं.”

“डोयिनचे बाबा,” मोरेनिके म्हणाली, “बसा.”

मी बसलो. अबेके मॅडम मात्र उभ्या होत्या. माफी मागायची सवय त्यांना नाही, त्यामुळे ती कुठे ठेवलीय हे त्यांना सापडत नसावं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि सुरी घेऊन आल्या. उचेन्दू दोन पावलं मागे सरला. मॅडम त्याच्या बाजूने पुढे गेल्या, त्या टोकाच्या भल्यामोठ्या खुर्चीपाशी वाकल्या आणि त्यांनी नायलॉनचे दोन्ही थर वरपासून खालपर्यंत टराटरा फाडले.

“ममा,” इरेती हळूच म्हणाली, “ही लाल आहे? मला वाटायचं तपकिरी आहे.”

“बस,” मॅडम उचेन्दूला म्हणाल्या.

“नको मॅडम. माझे कपडे धुळीचे आहेत.”

“बस म्हटलं ना. मी तुझ्यासाठी जेवण वाढून आणते.”

तो अगदी कडेला टेकला. लाल मखमलीवरून त्याने बोट फिरवलं, मग विकायच्या मालाकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं.

“छान आहे, मॅडम. नवी आहे?”

“नाही,” अबेके मॅडम म्हणाल्या. “आत्ताच वापरलेली झाली.”