बाळंतिणीच्या खोलीतले बोके

एका जंगलात, बाळांनो, गोदाक्का नावाची सायाळ राहायची. तिच्या बिळाच्या अगदी आत बाळंतिणीची खोली होती. अंधार, ऊब, एक बाज आणि बाजेखाली शेगडी. गोदाक्का तिथेच जन्मली, तिची लेक चंद्राही तिथेच. आता चंद्राला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा सायाळींचा रिवाज. गोदाक्कानं डिंकाचे लाडू वळून ठेवले होते.

तेवढ्यात शहरातून कोकीळराव आले. होमस्टे सजवण्यातले मोठे तज्ज्ञ. स्वतः जन्मात काडीवर काडी ठेवली नव्हती, पण तज्ज्ञांना ते चालतं. बाळंतिणीची खोली पाहून त्यांनी डोळ्यांना पंखच लावला. म्हणाले, हा वारसा आहे, शहरातले बोके यासाठी नुसते तळमळताहेत. गोदाक्का भाळली हो! तिच्या बिळाचं असं कौतुक कुणी कधी केलं नव्हतं. कोकीळरावांची अट एकच, पाहुण्यांसमोर काटे फुलवायचे नाहीत. तिनं शब्द दिला.

झालं. बोके येऊ लागले. कानाला फडकं बांधून बाजेवर पडायचे, शेक घ्यायचे, चंद्राचे लाडू मटकावायचे आणि वर विचारायचे, अंग कधी चोळणार? गोदाक्का चोळायची, मिशांसकट.

दिवस भरत आले तशी चंद्रा माहेरी आली. खोलीत बोका घोरत होता, त्याच्यामागे आणखी बोके रांगेत. गोदाक्का रडकुंडीला आली. निदान एकाला तरी उठवा म्हणाली.

"अक्का, पाहुणा म्हणजे देव," कोकीळराव गोड गळ्यानं म्हणाले. "लेक काय, घरचीच."

म्हणून घरची लेक रस्त्याकडेच्या सिमेंटच्या पाइपात बाळंत झाली. वारा आरपार. गोदाक्का पाइपाच्या तोंडाशी वारा अडवत बसली.

इकडे बोक्यांनी कुरकुर केली. खोली झकास आहे, पण बाळ नाही, सगळं खोटं वाटतं. कोकीळराव धावतच पाइपापाशी आले.

"अक्का, चंद्राला आत आणा की! दिवसभर बाजेवर बसू दे बाळ घेऊन. संध्याकाळी मात्र बाज मोकळी हवी."

गोदाक्काचे काटे ताठ उभे राहिले. मग तिनं लेकीकडे पाहिलं. पोर गारठून गेली होती. काटे खाली बसले.

"चल बाई," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत तरी माहेर आहे."

तात्पर्य : पाहुणा देव असतो, हे अगदी खरं. म्हणून मुलींनो, माहेरी जाताना लेक म्हणून जाऊ नये, बोका होऊन जावं.