नानांच्या गाडीचा घाम

नाना बेलीफ कुठंही मोटार उभी केली की आधी वाकून तिच्याखाली परात सरकवायचे आणि मगच दार लावायचे. परात माझी होती. पितळेची, भाकरीचं पीठ मळायची.

"नाना, गाडी गळतीया," असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "गळत न्हाई. घाम हाय त्यो. जित्या जिवाला घाम येनारच."

नगरला आमच्या गल्लीत ते माझ्या समोरच्या खोलीत एकटे राहत. कोर्टाची समन्सं घेऊन जन्मभर सायकलीवर जिल्हा तुडवला, आणि रिटायर झाल्यावर कॅम्पातल्या एका साहेबाची जुनी काळी मोटार विकत घेतली. तिचं वय विचारलं तर म्हणायचे, "विंग्रज गेला, ही ऱ्हायली." कोर्टाची एक खोड मात्र अंगात मुरलेली. दूध नासलं, नळ आला नाही, की म्हणायचे, "पुढची तारीख." लग्नाचं विचारणाऱ्यालाही हेच सांगितलं असणार, कारण ते शेवटपर्यंत झालं नाही.

गळती गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला होती. तिथून एक लांब दांडा मागच्या चाकांकडे जातो. त्या दांड्याभोवती रबराची बांगडी असते, तिला ऑइल सील म्हणतात. ती झिजली की तेल बाहेर. हे मला कळायची काही गरज नव्हती, पण नाना रोज माझ्या ओट्यावर बसून सांगायचे.

सांगायचे नुसते, करायचे काही नाही. मग एका भाऊबीजेला ते मोटार घेऊन बहिणीकडे, शांताकडे, मिरजगावला गेले. शांतानं अंगण सारवून ठेवलेलं. नानांचं ओवाळून होईपर्यंत मोटारीनं त्यावर ताटाएवढा काळा डाग पाडला. शांताची सासू म्हणाली, "पुढल्या साली मोटार यस्टी स्टँडावरच ठिवा. तुमाला बी तितंच बसायचं आसंल तर ओवाळायचं ताट तिकडं धाडू."

तेव्हापासून माझी परात मोटारीच्या पोटाखाली गेली. पण बहिणीच्या अंगणात परात घेऊन जायचं नाही, कोरडी गाडी न्यायची, असं नानांनी ठरवलं.

दुसऱ्या वर्षी दसऱ्याला ते कामाला लागले. मागची चाकं ओंडक्यांवर चढवली आणि दांडा खोलला. अर्धे नाना गाडीखाली, अर्धे रस्त्यावर. त्यातले रस्त्यावरचे जास्त शहाणे वाटत होते. जुनं सील उचकटून काढलं. नवं लगेच बसवतील तर नाना कसले. दसरा होता, हत्यारांची पूजा होती. सील पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल ठेवलं, नमस्कार केला. शिक्का मारल्याशिवाय कोर्टातल्या माणसाला कुठली गोष्ट लागू होते? मग ते लाकडी ठोकळ्यानं ठोकून बसवलं, तेल भरलं, आणि आपट्याची पानं घेऊन मोटारीनं वेशीपर्यंत जाऊन आले.

सकाळी परातीत रोजच्या दुप्पट घाम.

मी वाट पाहिली, पण "पुढची तारीख" काही ऐकू आलं नाही. नाना ओट्यावर येऊन बसले.

"म्हातारी हसंल, आक्का."

"हसू द्या. तुमची सासू हाय का?"

"शांतीची हाय. तिला तितंच नांदायचंय." त्यांनी तेलाचे हात फडक्याला पुसले. "किती दारं वाजवली म्या ह्या जिल्ह्यात. हातातला कागूद बगून मानसं आतून कडी लावायची. ये, बस म्हननारं येकच आंगन हाय मला."

मी परात घासायला उचलली. तेलात तांबडी रेघ दिसली आणि रेघेच्या टोकाला तांदळाची कणी.

"नाना, त्या बांगडीवरच्या अक्षता झटकल्या व्हत्या का?"

"देवाच्या अक्षता झटकत्यात व्हय?"

"मग देवच गळतोय. काडा ते सील."

काढलं. रबराच्या ओठाखाली दोन तांदूळ रुतून बसलेले. दुसरं सील आणलं, ते मी पदरानं पुसून दिलं. पूजा करायची तर मोटारीच्या टपाची करा म्हटलं, आणि हळदीची वाटी घरात नेऊन ठेवली.

भाऊबीजेला मीही गेले. नानांचा भरवसा नव्हता, म्हणून परात मांडीवर घेऊन मागं बसले.

शांताचं अंगण ताजं सारवलेलं होतं, पडवीसमोरचा ताटाएवढा काळा डाग सोडून. त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता, त्यामुळं तो धुऊनही गेला नव्हता. त्याच्या भोवतीनं रांगोळीची रेघ ओढलेली.

"सांगून दमले," म्हातारी म्हणाली. "वरीसभर सारवती, पर तेवढं सोडून."

"मंग दादानं गाडी कुटं लावायची?" शांता म्हणाली आणि ओवाळायचं ताट आणायला आत गेली.

नानांनी गाडी बरोबर त्या डागावर लावली. जेवणं झाली, विडे झाले. निघताना म्हातारीनं काठी टेकत वाकून गाडीखाली पाहिलं. एक थेंब नव्हता.

"आज घाम न्हाई व्हय?" ती म्हणाली.

नाना हसले नाहीत. परतीच्या वाटेवर माझी परात मांडीवर कोरडी ठणठणीत. नगर जवळ आलं तेव्हा नाना म्हणाले, "आक्का, सील जरा जादाच घट बसलं का वो?"

मी म्हटलं, "म्होरं बगून चालवा."

पुढल्या दिवाळीच्या आधी ते माझ्याकडं मूठभर तांदूळ मागायला आले. कशाला ते मी विचारलं नाही.